इंजिनावरचे गव्हले

आक्का, इंदूचं लग्न पार पडलं. पोरगी सासरी गेली आणि तिच्या मांडीवर बसून तुमचं रुखवताचं इंजिनही गेलं. रुखवतात करंज्या होत्या, अनारसे होते, पण नवरदेवाकडच्या बाया सगळं सोडून इंजिनाभोवतीच गोळा झाल्या. तुम्ही असता तर दाराआड उभ्या राहून मला चिमटे काढत विचारलं असतं, "काय म्हनून राहिल्यात गं?" आणि मी सांगितलेलं तुम्हाला पुरलं नसतं. आता विचारणारं कोणी नाही, म्हणून आपणहून लिहून सांगायला बसलेय. चार यत्ता शिकून आले म्हणून तुम्ही मला जन्मभर चिडवलंत. त्या चार यत्ता आज कामाला येताहेत.

दिवाळीच्या तोंडावर तुम्ही तापानं गेलात. गावातले म्हणाले, घरात मरण झालंय, लग्न पुढल्या साली बघा. तुमच्या मालकांनी, आमच्या थोरल्यांनी, तेवढ्यापुरतं तोंड उघडलं. "तिचा जीव या लग्नात व्हता. ठरल्यापरमानं होऊन जाऊ द्या." एवढं लांब बोललेले ते मी या घरात आल्यापासून ऐकले नव्हते. 

मी धाकटी सून म्हणून या घरात आले तेव्हा हळदही नीट उतरली नव्हती, आणि तुम्ही रव्याच्या घट्ट पिठाचा गोळा माझ्यापुढं ठेवलात. "वळ," म्हणालात. लग्नाच्या खिरीचे गव्हले. चिमटीत पिठाची तार धरायची आणि अंगठ्यानं तिळाएवढा दाणा तोडून तो वळत खाली सोडायचा. तुमच्या बोटांतून ते असे झरत होते की जणू आत कुणी ओततंय. माझं परातीतलं काम बघून तुम्ही म्हणालात, "माय वं, हे गव्हले व्हय? आमच्याकडं ह्याला हरभरे म्हंत्यात. पैनगंगेच्या पल्याड खीर खात न्हाईत का?" सगळ्या बाया हसल्या. मला एवढा राग आला की मी पुन्हा म्हणून त्या पिठाला हात लावला नाही. कोणी बोलावलं की म्हणायची, माझा हात जड आहे, मला नका सांगू. तुम्हीही मग कधी आग्रह केला नाहीत.

पण तुमच्या शेजारी बसून बघायला मला आवडायचं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. गावात कुणाचंही लग्न निघालं की पोरीची आई सुपारी घेऊन तुमच्याकडं यायची. तिच्या रुखवतासाठी तुम्ही कागदाच्या लगद्याचं तुळशीवृंदावन करायच्या, बोटभर पाळणा करायच्या, ओंजळीत मावेल अशी बैलगाडी करायच्या. दुसऱ्या गावांतही बाया अशा वस्तू करतात, पण त्या रंगवून मोकळ्या होतात. तुमचं खरं काम रंगाच्या आधी असायचं. गव्हल्याहून बारीक दाणा वळायचा, बाभळीच्या काट्याच्या टोकावर उचलायचा, चिंचोक्याच्या खळीत टेकवायचा आणि जागेवर बसवायचा. पाळण्याच्या कडेला खिळे, गाडीच्या चाकांच्या धावेवरही खिळे, वृंदावनाच्या कोनाड्यात पणती, सगळं दाण्यादाण्यांनी उभं राहायचं. वरून काजळाचा नाहीतर गेरूचा हात फिरवला की रवा आहे हे कुणाला सांगून पटायचं नाही. खळ ओली आहे तोवर दाणा सरकवता येतो, वाळली की तिथंच राहिला, हे मी बघून बघूनच शिकले.

इंदू माझ्या पोटची, पण निजायची तुमच्या कुशीत. मला ती 'माय' म्हणायची आणि तुम्हाला 'मोठी माय', आणि कुठल्या मायचं ऐकायचं हे तिचं तीच ठरवायची. तिची सोयरीक हिंगोलीच्या गाडीवर कोळसा टाकणाऱ्या पोराशी जमली तेव्हा मी म्हटलं, आक्का, हिच्या रुखवताला रथ करा, दोन घोड्यांचा. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की जणू मी रथ नाही, गाढव मागितलं.

"पोरगं इंजनावर हाय आन् आपुन रथ द्यायचा? इंजनच देऊ."

"इंजन तुम्ही जवळून बघितलंय कधी?"

"न्हाई. तं जाऊ की बघाया."

माघात लग्नाचं कापड घ्यायला हिंगोलीला गेलो तेव्हा तुम्ही बैलगाडी आधी स्टेशनावर न्यायला लावलीत. इंजिन पाणी घेत उभं होतं. मला ते बघूनच धडकी भरली, आणि तुम्ही सरळ जाऊन त्याच्या मागच्या टाकीला तळहात लावलात. वरून ड्रायव्हर ओरडला, "अरे ओ बाई, हात मत लगाव, जल जाता!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हितं पानी हाय बाबा, हितं काय जळतंय." मग तुम्ही बोटं फिरवत गेलात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग खालच्या अंगानं परत. "धाकटे, ध्यानात ठिव. खालून खिळ्यांच्या दोन वळी, वरून येक. कोपऱ्यात दाट हायेत." मी ध्यानात ठेवत होते. इंजिनाच्या तोंडावर पितळेची मोठी पाटी होती, तिच्यावर आकडे होते, उन्हात चमकत होती. तुम्ही तिच्याकडं बघून मला हळूच विचारलंत, "ते पिवळं काय गं? फूल लावलंय का?"

मी म्हटलं, व्हय आक्का, फूलच आहे.

येताना गाडीत मी तुमच्या बोटांकडं बघत होते. गेल्या वर्षभरातल्या कितीतरी गोष्टी मग माझ्या ध्यानात यायला लागल्या. तांदूळ निवडायचं काम तुम्ही हळूहळू इंदूवर टाकलं होतंत. उंबऱ्यापाशी आलात की पाय आधी चाचपून बघायच्या. आणि खिळे मोजायला इंजिनाशी गेलात तेव्हा डोळे वापरलेच नव्हतेत.

घरी आल्यावर मी म्हटलं, आक्का, नांदेडला डोळ्यांचा डॉक्टर आहे म्हणतात, एकदा दाखवू. तुम्ही एवढ्या भडकलात की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी दोघींचंही लक्ष नव्हतं. "माझ्या डोळ्याला काय धाड भरली? कोन म्हनलं तुला?" मग कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात.

तुम्ही एवढ्या का भडकलात हे मला कळत होतं. आपल्या सासूबाईंचे डोळे गेले तेव्हा आपणच त्यांना ओसरीवर खांबाशी बसवलं होतं. प्रेमानंच बसवलं. पडतील, भाजेल, म्हणून आधी हातातलं जातं काढून घेतलं, मग विळी, मग शेंगा फोडायचंही. त्या म्हणायच्या, अगं मला काहीतरी द्या. आपण म्हणायचो, आत्याबाई, तुम्ही आता आराम करा. त्या गेल्या त्या दिवशी तुम्ही मला न्हाणीघरापाशी म्हणाला होतात, "डोळे गेल्ते, हात कुठं गेल्ते तिचे? आपुन तिला गाठुड्यावानी ठिवलं." तुमचे डोळे अधू झाल्याचं एकदा घरात फुटलं असतं तर थोरल्यांनी, माझ्या मालकांनी, सगळ्या गावानं मिळून तुमच्या हातचा बाभळीचा काटा काढून घेतला असता, आणि तोही प्रेमानंच. तुम्हाला इंदूचं इंजिन आपल्या हातानं पुरं करायचं होतं. म्हणून मी डॉक्टरचं नाव पुन्हा काढलं नाही. तुमचं म्हणणं, मला सगळं दिसतं. माझं म्हणणं, बरं, दिसतं.

मग इंजिन सुरू झालं. वेळूच्या नळकांड्याची टाकी, किराणा दुकानाच्या पुठ्ठ्याची केबिन, इंदूच्या लहानपणच्या बांगड्यांची चाकं. पहिल्या खेपेला मुंग्यांनी काय केलं ते आठवतं ना? शकुनाचे गव्हले म्हणून तुम्ही पिठात गुळाचं पाणी घातलंत. लग्नकार्याचं पीठ गोडच भिजवायचं, खिरीचं असो की इंजिनाचं. एक बाजू पुरी करून तुम्ही इंजिन फडताळात ठेवलंत, आणि सकाळी इंदू ओरडत आली, "मोठी माय, इंजनाचे खिळे चालून राहिले!" बघते तर भिंतीवरून मुंग्यांची रांग, आणि एकेकीच्या तोंडात एकेक खिळा. तुम्ही इंजिनावरून हात फिरवलात, बाजू सगळी गुळगुळीत झाली होती. मला वाटलं आता रडाल. तुम्ही पोट धरून हसलात. "जाऊ दे गं, त्यांच्या बी पोरीचं लगीन असंल." मग दुसऱ्या खेपेला पिठात कडुलिंबाच्या पाल्याचा रस घातलात. मुंग्या आल्या, हुंगून गेल्या.

धुराड्यावरून मात्र आपलं जे भांडण झालं ते मिटलं नाही. मी म्हटलं, आक्का, धुराड्याला खिळे नसतात, मी बघितलंय. तुम्ही म्हणालात, असू दे. "सगळं इंजन नटलंय आन् धुराडं लंकेची पार्वती? पोरगी नांदाया चालली माझी, वकंबोकं काहीच देनार न्हाई." मी म्हटलं, पोरगा त्याच इंजिनावर कामाला आहे, हसेल. तुम्ही म्हणालात, हसू दे, हसनारा जावई बरा असतो. मी नाही म्हणत राहिले, तुम्ही हो म्हणत राहिलात. आपल्या दोघींत एवढं एकच बरोबरीचं भांडण झालं असेल. बाकी वेळी तुम्हीच जिंकायच्या.

उन्हाळ्यात गावोगाव धास्ती पसरली. आज अमक्या गावावर टोळी आली, उद्या तमक्या गावातलं धान्य नेलं, अशा बातम्या यायला लागल्या. कळमनुरीचा बाजार ओस पडला, लग्नाची तिथी गेली. पैनगंगेपलीकडं राज्य दुसरं, तिथं टोळ्या येत नव्हत्या, म्हणून बायापोरींना तिकडं माझ्या माहेरी पोचवायचं ठरलं. सगळ्या बायांनी दागिने कमरेला बांधले. तुम्ही पाटीत सरकी पसरली, तिच्यात इंजिन ठेवलं, वर लुगडं झाकलं आणि पाटी डोक्यावर घेतली. माझे मालक म्हणाले, वहिनी, जीव वाचवायला निघालोय, हे कशाला? तुम्ही डोक्यावरची चुंबळ नीट केलीत आणि चालू लागलात.

नदीला पाणी गुडघाभर होतं, पण तळाशी गोटे होते, शेवाळ होतं. तुम्ही काठावर थांबलात. सगळे पुढं गेले तरी तुम्ही थांबलात. तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "आक्का, मला लई भ्याव वाटून राहिलं. माझा हात धरा नं." तुम्ही धरलात. असा घट्ट धरलात की बांगडी मनगटात रुतली. मी गोटे बघत बघत पाय टाकत होते आणि तुम्ही माझ्या पावलावर पाऊल टाकत होतात, आणि तोंडानं मात्र मला धीर देत होतात, "भिऊ नको, मी हाय नं." पलीकडं पोचल्यावर तुम्ही माझ्या आईला सांगितलंत, "तुमची लेक लई भेकड हाय. नदीकाठची असून पान्याला भेती." सगळे हसले. आई माझ्याकडं बघत राहिली, कारण मी त्याच नदीत पोहायला शिकलेय. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आक्का, तेव्हा माझा खूप जीव जळाला आणि तेव्हाच तुमच्यावर खूप माया आली. दोन्ही एकदम येतं हे मला ठाऊक नव्हतं.

माहेरी माझ्या भावाच्या ओसरीवर तुम्ही इंजिनाची दुसरी बाजू धरलीत. सकाळच्या उजेडात दाणे बसवायच्या आणि जेवून आडव्या व्हायच्या. एके दिवशी मी वाकून बघितलं तर ओळ पार तिरकी गेली होती, मध्ये दोन दाणे एकमेकांवर चढले होते.  तुमच्या हातचं वाकडं काम मी आयुष्यात बघितलं नव्हतं. तुम्ही घोरत होतात. मी ओली चिंधी घेतली, खळ जराशी भिजवली आणि काट्यानं एकेक दाणा सरळ केला. दोन दाणे माझ्या हातून फुटले, ते मीच नवे वळून बसवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग ते रोजचंच झालं. सकाळी तुमचा हात, दुपारी माझा. तुम्ही उठून बाजूवरून बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बराबर आलंय." मी म्हणायची, येणारच, कुणाचं काम आहे. आणि मनात म्हणायची, कळू नये रे देवा, हिला कधी कळू नये.

भादव्यात फौजा आल्या, राज्य बदललं, आपण गावी परत आलो. घर होतं तसं होतं, फक्त कणगी रिकामी झाली होती. लग्नाची नवी तिथी दिवाळीनंतरची धरली. दसऱ्यानंतर इंजिनाची दुसरी बाजू पुरी झाली. धुराडं तेवढं राहिलं, कारण त्यावर आपलं भांडण चालूच होतं. मग तुम्हाला ताप आला. शेवटच्या दिवसांत तुमचं अंथरूण सुटलं नाही. मला वाटत होतं तुमच्याजवळ बसून सांगावं, आक्का, मला सगळं ठाऊक आहे, स्टेशनापासून ठाऊक आहे, आता तरी माझ्यापुढं दिसत असल्याचं सोंग नका करू. पण तुम्ही उशापाशी हातानं चाचपत होतात आणि मी पाण्याचं भांडं हातात देत होते. सांगितलं असतं तर तुमचा ताठा मोडला असता, आणि तो मोडलेला मला बघवला नसता.

तुमचे दिवस झाल्यावर मी धुराडं घेऊन बसले. नाही, तुमचं म्हणणं पटलं म्हणून नाही. ते ओकंबोकं बघवेना म्हणून. दाणे वळले, काट्यानं उचलले, तीन पदरी माळ घातली. लग्नात नवरदेवानं इंजिन हातात घेऊन सगळीकडून फिरवून बघितलं आणि धुराड्यापाशी थांबून तो हसलाच. "मामी, धुराड्याला खिळे नसतेत." मी म्हटलं, आमच्या आक्काच्या इंजिनाला असतात. त्यावर तो म्हणाला, "मंग राहू द्या. झ्याक दिसतंय." जावई हसरा आहे, आक्का. पोरगी सुखात राहील असं वाटतं.

पण खरं सांगायचं ते पुढंच आहे. पाठवणीच्या वेळी गाडी जुंपली, इंदू मांडीवर इंजिन घेऊन बसली. मी रडत होते. ती रडत नव्हती, तिला कसलीतरी घाई झाल्यासारखी दिसत होती. तिनं माझा हात ओढून घेतला, माझं बोट इंजिनाच्या दुसऱ्या बाजूवर टेकवलं आणि ओळीवरून फिरवायला लावलं. "माय, हितं बघ. हा दाना उभा हाय नं? ह्यो मोठ्या मायचा. हितून पुढं चपटे हायेत. हे तुह्ये."

मी बोट मागं नेलं आणि पुन्हा त्या ओळीवरून फिरवलं.

"मोठ्या मायनंच दावलं मला. म्हनली, तुही माय दुपारी येऊन माह्या वळी सरळ करती आन् तिला वाटतं मला कळत न्हाई. बोटाला कळतं म्हनली. माह्या हातचा दाना मला कळनार न्हाई का?"

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"लगीन होईस्तोवर सांगायचं न्हाई, म्हनून शपथ घातली व्हती. म्हनली, पहिल्या दोन दिवसाच्या वळी खरंच वाकड्या आल्या. त्याच्यापुढच्या म्या मुद्दाम वाकड्या लावल्या. तिला वळ म्हनलं तं ती वळनार न्हाई, हात जड हाय म्हनंल. वाकडं दिसलं की मातर तिला ऱ्हावत न्हाई. आता तिचा हात बसलाय. माह्या मागं गावातल्या पोरींचं रुखवत अडनार न्हाई."

गाडी हलली. मी वेशीपर्यंतसुद्धा गेले नाही, तिथंच उभी राहिले.

आक्का, हे खरं का? की दोन ओळी वाकड्या आल्याचं मला दिसलं हे कळल्यावर तुम्ही पत राखायला पोरीपाशी ही बतावणी केलीत? तुमचा काही भरवसा नाही. मी चार महिने रोज दुपारी जीव मुठीत धरून तुमच्या घोरण्याकडं कान देत बसायची, आणि तुम्ही जाग्या राहून घोरत होतात की काय? मला तुम्हाला हलवून हलवून विचारायचंय. तुमच्याशी कडाकडा भांडायचंय. आणि भांडून झालं की तुमचे दोन्ही हात हातात घेऊन सांगायचंय की सासरी आलेल्या पहिल्या दिवसापासून मला तुमच्यासारखं वळता यावं असं वाटत होतं, रागापोटी कधी बोलले नाही.

काल खालच्या आळीची पारू तिच्या पोरीची सुपारी घेऊन आली होती. तिला पाळणा हवाय. ती दारात उभी राहून रडायला लागली, म्हणाली, आक्का असत्या तर. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि रवा भिजवायला घेतला.